तंत्रज्ञानाला जात नसते म्हणणाऱ्यांनी वर्डस्टार आठवावा

"तंत्रज्ञानाला जात नसते. कॉम्प्युटर तुमचे आडनाव विचारत नाही." जयंतीच्या व्याख्यानमालेत एका तरुण वक्त्याने हे वाक्य उच्चारले आणि मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हीही टाळ्या वाजवल्या. पोरगा आपल्याच वस्तीतला, मोठ्या कंपनीत नोकरीला, पांढऱ्या शर्टात माईकसमोर ताठ उभा. टाळ्या त्याला होत्या. त्याच्या वाक्याला मात्र आमचे उत्तर आहे आणि ते सविस्तर द्यायला हवे. कारण हेच वाक्य उद्या आपल्या विरोधात वापरले जाणार आहे, किंबहुना वापरले जातेच आहे.

उत्तर देण्यासाठी आम्हाला १९९० सालात जावे लागेल.

आम्ही म्हणजे तेव्हाचे चौघे. बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष होते. बाबासाहेबांना भारतरत्न जाहीर झाले ते याच वर्षी. वस्तीत दर आठवड्याला कार्यक्रम, पत्रके, निवेदने. आमच्याआधीच्या पिढीने, पँथरच्या पोरांनी, स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाईलवर पत्रके काढली होती. आम्हीही तेच करत होतो. मेणाच्या त्या कागदावर एक अक्षर चुकले की लाल रंगाचे करेक्शन फ्लुइड लावायचे, फुंकर मारायची, वाळू द्यायचे आणि पुन्हा टाईप करायचे. आख्खा परिच्छेद बदलायचा म्हटले की नवी स्टेन्सिल. नव्या स्टेन्सिलला पैसे. म्हणून पत्रकात चूक राहिली तरी आम्ही ती तशीच जाऊ देत असू आणि मग समोरचे म्हणत, "यांना साधे शुद्ध लिहिता येत नाही."

त्याच काळात आम्ही टायपिंगच्या परीक्षेला बसत होतो. लिपिकाच्या नोकरीला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट हे प्रमाणपत्र लागायचे. आमच्यातला एक जण वेगात पहिला होता, पण चुकांमुळे दोनदा नापास झाला. मशीनवर चुकलेले अक्षर परत घेता येत नाही. बोट घसरले की घसरले, कागदावर कायमचे. मास्तर म्हणायचे, "वेग सरावाने येतो रे, पण अचूकपणा रक्तात असावा लागतो." मास्तर वाईट माणूस नव्हते. जे सगळे म्हणत होते, तेच ते म्हणत होते.

७ ऑगस्ट १९९० ला पंतप्रधान व्ही. पी. सिंगांनी मंडल आयोग लागू करण्याची घोषणा केली आणि देशभर 'मेरिट' हा शब्द घुमू लागला. उच्चवर्णीय विद्यार्थी रस्त्यावर बसून बूट पॉलिश करत होते. 'आरक्षण आले तर आम्हाला हेच करावे लागेल' असा त्यांच्या निषेधाचा अर्थ होता. ज्यांच्या बापजाद्यांनी पिढ्यानपिढ्या चामड्याचे काम केले, त्यांना त्या ब्रशचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. याच पावसाळ्यात आम्ही कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातले.

चौघांनी मिळून दोघांची फी भरली. जे दोघे क्लासला जायचे, ते रात्री बुद्धविहारात उरलेल्या दोघांना शिकवायचे. पुठ्ठ्यावर स्केचपेनने कीबोर्ड काढलेला. तुम्ही म्हणाल, पुठ्ठ्यावर कॉम्प्युटर कसा शिकता येईल? पण वर्डस्टार शिकता येत होता, आणि इथेच त्या सॉफ्टवेअरची खरी गंमत आहे. त्याला माऊस नव्हता, चित्रे नव्हती. सगळा कारभार कंट्रोलचे बटण आणि अक्षरे यांवर. कंट्रोल-के-बी म्हणजे मजकुराच्या तुकड्याची सुरुवात, कंट्रोल-के-के म्हणजे शेवट. मग कंट्रोल-के-सी केले की त्या तुकड्याची नक्कल, कंट्रोल-के-व्ही केले की तो उचलून दुसरीकडे. कंट्रोल-पी-बी म्हणजे ठळक अक्षर. कंट्रोल-के-एस म्हणजे फाईल जपून ठेवा आणि काम चालू ठेवा. आम्ही हे पाढ्यांसारखे घोकले. पाठांतराला वीज लागत नाही.

वर्डस्टार आला कुठून, हे आम्हाला पुढे वाचनात कळले. घरगुती कॉम्प्युटरवरचा पहिला वर्ड प्रोसेसर म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो 'इलेक्ट्रिक पेन्सिल' मायकेल श्रेयर नावाच्या माणसाने १९७६ मध्ये अमेरिकेत लिहिला. त्याला स्वतःच्या दुसऱ्या एका प्रोग्रामची माहितीपुस्तिका लिहायची होती आणि टाईपरायटरपेक्षा त्याच मशीनवर ती का लिहू नये, असे त्याला वाटले. ओळ संपली की शब्द आपोआप खालच्या ओळीत जाणे ही आज कोणाच्या लक्षातही न येणारी सोय त्यात होती. मग १९७८ मध्ये सेमूर रुबिनस्टाईन यांनी कॅलिफोर्नियात मायक्रोप्रो ही कंपनी काढली आणि रॉब बार्नाबी या प्रोग्रामरने वर्डस्टार लिहिला. बहुतेक मशीनची मेमरी तेव्हा जेमतेम ६४ किलोबाईट असायची. आज मोबाईलवर येणारा गुड मॉर्निंगचा एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. अनेक टर्मिनलवर बाणांची बटणे नव्हती, म्हणून बार्नाबीने ई, एस, डी, एक्स ही डाव्या हाताखालची चार अक्षरे चौकट करून वापरली. ई वर, एक्स खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. बोटे टाईपिंगच्या जागेवरून हलायची गरजच नाही.

आम्हाला त्यातली आणखी एक गोष्ट भावली. पडद्याच्या वरच्या भागात आज्ञांची यादी दिसायची. ती किती दिसावी हे वापरणाऱ्याने ठरवायचे. मदतीच्या पायऱ्या तीनपासून शून्यापर्यंत. नवशिक्याला सगळे दाखवायचे आणि त्याला येऊ लागले की यादी मिटवून पूर्ण पडदा त्याच्या हवाली करायचा. नवशिक्याला मूर्ख न समजणारी शाळा आम्ही पहिल्यांदा तिथे पाहिली. क्लासचे सर एकदा म्हणाले, "तुम्ही लोक फार लवकर शिकलात की!" त्या 'तुम्ही लोक'मध्ये काय होते ते आम्हाला कळले. पण पडद्यावरची यादी तोपर्यंत आम्ही शून्यावर आणली होती.

आता मुख्य मुद्दा. टाईपिंगला दोनदा नापास झालेला आमचा मित्र वर्डस्टारवर बसला आणि त्याने पहिली चूक केली. त्याने एक बटण दाबले. चूक नाहीशी झाली. मध्ये दोन शब्द घातले, परिच्छेद वेडावाकडा झाला, कंट्रोल-बी दाबले आणि ओळी पुन्हा सरळ जुळल्या. पान छापले तेव्हा त्यावर एकही डाग नव्हता. तो बराच वेळ ते पान हातात धरून बसला होता.

मित्रहो, त्या पानाचा अर्थ नीट समजून घ्या. जी गोष्ट 'रक्तात असावी लागते' असे आम्हाला सांगितले होते, ती कागदाची आणि शाईच्या फितीची मर्यादा होती. अचूकपणा म्हणून जे मोजले जात होते, ती प्रत्यक्षात चूक दुरुस्त करण्याची सोय नसणे होती. साधन बदलले आणि ते मेरिट एका दिवसात हवेत विरले. आमचा मित्र काल जितका हुशार होता तितकाच आजही होता. मग १९९० च्या त्या पावसाळ्यात रस्त्यावर ज्या मेरिटसाठी आरडाओरड चालली होती, त्यातले किती माणसाचे आणि किती साधनांचे? घरात टेबल असणे, अभ्यासाला दिवा असणे, दुसरी स्टेन्सिल घेण्याइतके पैसे असणे, इंग्रजी बोलणारा मामा असणे, या सगळ्याला मेरिट म्हणतात आणि ते ज्याच्याकडे नाही त्याच्या रक्तात खोट काढतात. हा प्रश्न आम्हाला कोणत्याही भाषणाने शिकवला नाही. चूक पुसणाऱ्या एका बटणाने शिकवला.

इथपर्यंत आमचा तरुण वक्ता आमच्याशी सहमत होईल. म्हणेल, बघा, मशीनने जात पाहिली नाही. थांबा. गोष्ट अजून अर्धीच झाली आहे.

त्याच वर्षी संसदेने कायद्यात दुरुस्ती करून बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना अनुसूचित जाती म्हणून मान्यता दिली. केंद्राच्या सवलतींचे दार ३४ वर्षांनी उघडले. वस्तीतल्या ४१ मुलामुलींचे दाखल्यासाठीचे अर्ज करायचे होते. आम्ही म्हटले, हाताने कशाला? वर्डस्टारमध्ये मेलमर्ज आहे. एका फाईलमध्ये नावे, वडिलांची नावे, गावे, जाती, सगळे स्वल्पविराम देऊन ओळीने लिहायचे. दुसऱ्या फाईलमध्ये एकच अर्ज, त्यात नावाच्या जागी खूण. मशीन ४१ वेळा अर्ज छापणार, प्रत्येकावर वेगळे नाव.

पहिल्या फेरीत गोंधळ झाला. एका मुलीच्या पत्त्यात आम्ही एक जादा स्वल्पविराम दिला होता. मशीनने तिथे नवा रकाना सुरू झाला असे समजून पुढचे सगळे एकेक घर सरकवले. गावाच्या जागी तालुका आला आणि जातीच्या जागी गावाचे नाव. अर्जावर छापून आले की तिची जात अमुक बुद्रुक. आम्ही पोट धरून हसलो. मग एकाने म्हटले, "चूक कुठे आहे? आपल्याला गावाने सांगितलीय तीच तर आपली जात." त्यानंतर कोणी हसले नाही.

चूक दुरुस्त केली, ४१ अर्ज डॉट मॅट्रिक्सवर खरखरत निघाले. एवढे देखणे अर्ज वस्तीने पाहिले नव्हते. गठ्ठा घेऊन आम्ही कार्यालयात गेलो. खिडकीतल्या साहेबांनी वरचा अर्ज उचलला, चष्म्याखालून पाहिला आणि म्हणाले, "इंग्रजीत? मराठीत आणा."

मराठीत मशीन लिहीत नव्हते.

त्या रात्री विहारात ४१ अर्ज आम्ही हाताने लिहिले. आक्का चहा करून देत होत्या. मध्येच त्यांनी विचारले, "त्या मशीनला मराठी का रे येत न्हाई?" आमच्याकडे उत्तर नव्हते. आज आहे, म्हणून ते सांगतो.

कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर आकड्यात साठवतो. अमेरिकेने ठरवलेल्या आस्की या पद्धतीत अक्षराला सात बिट दिलेले, म्हणजे १२८ जागा. इंग्रजीची लहानमोठी अक्षरे, आकडे, विरामचिन्हे त्यात आरामात बसतात. पण बाईट आठ बिटांचा असतो. एक बिट शिल्लक. बार्नाबीने या आठव्या बिटाचा हुशारीने उपयोग केला. ओळ दोन्ही कडांना सारखी दिसावी म्हणून मधल्या जागा कमीजास्त कराव्या लागतात, त्यासाठी शब्द कुठे संपतो याची खूण हवी. वर्डस्टारच्या जुन्या आवृत्त्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चालू करून ती खूण ठेवत. जादा मेमरी न लागता काम भागले. कारागिरी म्हणून ती उत्तमच.

आता दुसरी बाजू पाहा. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे प्रमाण १९८८ मध्ये आणि सुधारून १९९१ मध्ये आले. त्यात पहिल्या १२८ जागा इंग्रजीला तशाच ठेवल्या आणि आपली अक्षरे वरच्या १२८ मध्ये बसवली. त्या वरच्या जागा मिळतात आठव्या बिटामुळेच. म्हणजे क, ख, ग ज्या खुर्चीवर बसणार, ती खुर्ची इंग्रजी मजकुराच्या कडा सरळ दिसाव्यात म्हणून आधीच दिलेली होती.

बार्नाबीने हे मराठीवरच्या द्वेषाने केले का? मुळीच नाही. त्याच्या डोक्यात मराठी माणूस नव्हता, एवढेच. आणि आमचा मुद्दा नेमका हाच आहे. बहिष्कारासाठी दरवेळी द्वेष करणारा माणूस लागत नाही. आराखडा करणाऱ्याच्या डोक्यात तुम्ही नसणे पुरेसे असते. गावाचा आराखडा करताना विहीर कुठे असावी हे ज्याने ठरवले, तो रोज पाणी नाकारायला तिथे उभा राहत नव्हता. एकदा जागा ठरली की पुढे विहीरच ते काम करते. तंत्रज्ञान आडनाव विचारत नाही हे खरे. पण ते ज्याने बांधले त्याने कोणाला गृहीत धरले होते, हा प्रश्न आपण विचारायचा की नाही?

यावर उपाय झाले आणि ते इथल्याच माणसांनी केले, हेही सांगितले पाहिजे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले काम पुढे पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्डाच्या रूपाने आणले. मशीनमध्ये ते कार्ड बसवले की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी असलेला इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आला. आम्ही ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा 'जय भीम' टाईप करून पाहिले. दुसरे काय करणार?

पण मग विंडोज आले आणि प्रत्येक कंपनीने आपापला मराठी फॉन्ट काढला. आतले आकडे इंग्रजीचे, वर मुखवटा मराठीचा, आणि प्रत्येकाचा मुखवटा वेगळा. एका फॉन्टमधला 'म' दुसऱ्या फॉन्टमध्ये भलतेच काही. आम्हाला त्याचे काय? पडद्यावर मराठी दिसते आहे ना, बस्स. नव्वदच्या दशकात बहिष्कार टाकलेल्या एका गावात आम्ही आठ दिवस राहून २३ जबान्या घेतल्या. किराणा बंद, पिठाची गिरणी बंद, रानात जायची वाट बंद. एका म्हातारीने नातवाच्या अंगावरचे वळ दाखवत सांगितलेले सगळे शब्दशः उतरवले. ते एका मराठी फॉन्टमध्ये टाईप केले, छापले, अहवाल संबंधितांना दिला. एक प्रत आमच्याकडे, ती पुरात भिजली. फ्लॉपी मात्र प्लास्टिकच्या डबीत कोरडी राहिली.

काही वर्षांपूर्वी ती फ्लॉपी वाचून घेतली. फाईल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्याच्या खुणा. त्या म्हातारीच्या तोंडात कोणीतरी बोळा कोंबावा, तसे ते पान दिसत होते. त्याच डबीत १९९० ची वर्डस्टारची फ्लॉपीही होती, कार्यालयाने परत केलेल्या त्या इंग्रजी अर्जांची. तीही उघडली. प्रत्येक शब्दाचे शेवटचे अक्षर विचित्र दिसत होते. आठवा बिट काढून टाकला आणि ४१ च्या ४१ अर्ज स्वल्पविरामासह जसेच्या तसे समोर आले. ज्यांना कार्यालयाने नाकारले ते इंग्रजी अर्ज शाबूत, आणि आमच्या भाषेतल्या जबान्या मुक्या. याला काय म्हणायचे?

काही जण म्हणतात, जुनेच बरे होते. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा लेखक जॉर्ज मार्टिन आजही डॉसवरच्या वर्डस्टारमध्ये लिहितो, असे कौतुकाने सांगतात. लिहो बापडा. त्याच्या भाषेला त्या मशीनमध्ये पहिल्या दिवसापासून घर होते. आम्ही जुन्याची आरती ओवाळत नाही. आमचे म्हणणे एवढेच की साधन हाती घेताना विचारा: यात माझी अक्षरे कोणत्या जागेवर बसतात, आणि ती जागा माझी आहे की भाड्याची?

बाबासाहेबांकडे पाहा. त्यांच्या निर्वाणानंतर कितीतरी हस्तलिखिते आणि टंकलिखिते कागदावर राहिली, काही तर अपूर्ण. ती वर्षानुवर्षे पेट्यांत पडून होती. पण कागद होता आणि अक्षर वाचता येत होते. म्हणून महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेल्या ग्रंथमालेत वसंत मून यांच्यासारख्या संपादकांना ती जगापुढे आणता आली. 'रिडल्स' १९८७ मध्ये आले तेव्हा महाराष्ट्रात केवढे रान उठले! बाबासाहेबांचा शब्द तीस वर्षे पेटीत राहूनही बोलला. आमच्या म्हातारीचा शब्द तेवढ्याच काळात मुका झाला. ही जबाबदारी आमची. आम्ही दिसण्यावर भुललो आणि साठवण कशी होते हे विचारले नाही.

सुदैवाने युनिकोड आला. त्यात देवनागरीला स्वतःची, कायमची जागा आहे, कोणत्याही कंपनीच्या मुखवट्याची गरज नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनेही मिळतात, पण त्यासाठी मूळ फॉन्ट कोणता हे ठाऊक असावे लागते. आणि ते ठाऊक असणारी माणसे आता साठीच्या पुढे आहेत. आमच्या २३ जबान्यांपैकी १७ आम्ही अशा परत मिळवल्या. सहा फायली खराब झाल्या आहेत. म्हातारीची जबानी सतरांत आहे.

म्हणून त्या तरुण वक्त्याला आणि त्याच्यासारख्या प्रत्येकाला आमची विनंती आहे. बाळा, तुझे वाक्य बदल. तंत्रज्ञानाला जात नसते म्हणू नकोस, तंत्रज्ञानात आपली जागा आपल्याला करून घ्यावी लागते असे म्हण. आणि नुसते म्हणू नकोस. आपल्या गावातल्या, विहारातल्या, मंडळाच्या कपाटात १९९० ते २००५ या काळातल्या फ्लॉप्या, सीड्या, गौरव अंकांच्या फायली, मोर्चांची निवेदने, सत्यशोधन अहवाल पडलेले आहेत. त्या काढ. ज्यांनी टाईप केले त्या काका-मावशींना विचार, फॉन्ट कोणता होता. त्यांचे नाव आणि फॉन्टचे नाव वहीत लिही. मग ते युनिकोडमध्ये आण, साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेव, तीन ठिकाणी ठेव आणि एक प्रत कागदावर छाप.

आक्का आता नाहीत. त्यांच्या प्रश्नाला आम्ही वेळेवर उत्तर देऊ शकलो नाही. तू देऊ शकतोस.

जय भीम!